पाठ झाले आणि कागद गेले

१८६० च्या आसपास न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात एका धर्माच्या प्रवचनकारांनी आपल्या शिकवणीचा प्रमाण पाठ ठरवला आणि तो सेनेका भाषेत कागदावर उतरवून घेतला. ती पाने एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली. तिसऱ्या माणसाने ती संपूर्ण मुखोद्गत केली आणि त्यानंतर त्याच्याकडून ती एकेक करून हरवली. हा तिसरा माणूस धर्माविषयी उदासीन होता असे मात्र नाही. तो त्या धर्माचा नामवंत प्रवचनकार होता.

मित्रहो, आजचा धागा या हरवलेल्या पानांविषयी आहे. तो थोडा लांब आहे आणि त्यात मी एक मतही मांडणार आहे. एखाद्या समाजाची मौखिक शिकवण ‘लिखाणामुळे वाचली’ असे आपण इतिहासप्रेमी मंडळी फार सहज म्हणून जातो. सेनेका भाषेची ही हकीकत पाहिली की त्या वाक्यात कोणती भाषा, कोणाचा हात आणि कोणासाठी, हे तीन प्रश्न विचारायचे राहून गेले आहेत, असे लक्षात येते.

आधी पार्श्वभूमी. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा आणि सेनेका या पाच राष्ट्रांचा संघ म्हणजे इरोक्वॉय; त्यांचे स्वतःचे नाव होदिनोशोनी, म्हणजे लांबघराचे लोक. अठराव्या शतकात टस्करोरा आले आणि राष्ट्रे सहा झाली. सेनेका हे या कल्पित लांबघराच्या पश्चिम दाराचे राखणदार. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात बहुसंख्य सेनेका ब्रिटिशांच्या बाजूने लढले. १७७९ मध्ये जनरल सलिव्हन यांच्या सैन्याने त्यांची गावे आणि उभा मका जाळला. १७९७ च्या बिग ट्री करारात उरलीसुरली जमीनही गेली आणि राहिले ते राखीव क्षेत्रांचे तुकडे. दारू, भांडणे, चेटकाचे संशय आणि अकाली मृत्यू यांनी पोखरलेल्या या समाजात, १७९९ च्या जून महिन्यात, ॲलेगेनी नदीकाठच्या कॉर्नप्लांटर या प्रमुखाच्या गावी त्याचा सावत्र भाऊ मरणासन्न होऊन पडला. लोकांनी तो गेला असेच मानले. तो शुद्धीवर आला तेव्हा चार दूतांनी आपल्याला काय सांगितले ते सांगू लागला. इंग्रजीत त्याला हँडसम लेक म्हणतात. सेनेका नाव गन्योदायो, म्हणजे सुंदर सरोवर. दारू सोडा, चेटूक सोडा, संसार मोडू नका, मुलांना मारू नका, जुने कृतज्ञतेचे उत्सव चालू ठेवा, अशी ती शिकवण. पुढे सोळा वर्षे तो ती गावोगाव सांगत राहिला आणि १८१५ मध्ये ओनोंडागा येथे वारला.

या शिकवणीचे नाव गाइवियो. मी त्याचे भाषांतर मुद्दाम टाळतो आहे. शब्दाच्या पोटात ‘गोष्ट, वार्ता, बाब’ असा अर्थ असलेला धातू आहे आणि शेवटी ‘उत्तम, थोर, सुंदर’ अर्थाचा ‘-इयो’ हा प्रत्यय आहे. सुंदर सरोवरातला ‘सुंदर’ तोच. मराठीत सरळ नेले तर ‘शुभवर्तमान’ होईल, आणि ते म्हटल्याबरोबर आपल्या डोळ्यांसमोर चर्च उभे राहील. इंग्रजीत नेमके हेच झाले आहे. एका शब्दाच्या भाषांतरात एवढी उलथापालथ होत असेल, तर तीन-चार सकाळ चालणाऱ्या पठणाचे काय होत असेल?

पठण सकाळीच का, तर सूर्य माथ्यावर येऊन उतरणीला लागायच्या आत पवित्र कार्ये उरकावीत अशी धारणा आहे. मध्याह्न झाला की प्रवचनकार थांबतो आणि उरलेला भाग दुसऱ्या दिवशी सकाळी पुढे चालू होतो. टोनावांडा येथे जपलेले, शिंपल्यांच्या मण्यांचे म्हणजे वॅम्पमचे सर या शिकवणीची खूण मानले जातात. इतके सगळे मिळून गाइवियो होते. शब्द हा त्याचा एक भाग.

आता लिखाणाचा क्रम पाहू. माझ्या मते या विषयातली सर्वांत बोलकी गोष्ट हा क्रमच आहे. १७९९ मध्ये त्या गावात हेन्री सिमन्स नावाचा क्वेकर शिक्षक राहत होता. दुभाष्याकडून ऐकून त्याने त्या दर्शनाचा वृत्तान्त आपल्या रोजनिशीत इंग्रजीत टिपला. चाळीसएक वर्षांनी, १८४० च्या दशकात, प्रेषिताचा नातू जिमी जॉन्सन टोनावांडा येथे पठण करी. ते ईली पार्कर या तरुण सेनेकाने इंग्रजीत उतरवले, आणि लुईस हेन्री मॉर्गन यांनी १८५१ च्या आपल्या ग्रंथात छापले. हे ईली पार्कर पुढे जनरल ग्रँट यांचे लष्करी सचिव झाले आणि १८६५ मध्ये ॲपोमॅटॉक्स येथील शरणागतीच्या अटी त्यांच्याच हस्ताक्षरात लिहिल्या गेल्या. म्हणजे इंग्रजी कागद दोन झाले, आणि दोन्ही आज उपलब्ध आहेत.

त्यानंतर आला सेनेका कागद. कोल्ड स्प्रिंग येथे, जिथे प्रेषित काही काळ राहिला होता तिथेच, प्रवचनकार जमले आणि त्यांनी आपापले पाठ ताडून पाहिले. पाठभेद निघाले, आणि प्रत्येकाला आपलाच पाठ खरा वाटत होता. तेव्हा कॅटरॉगसच्या जॉन जॅकेट या जाणत्या प्रमुखावर निर्णय सोपवण्यात आला. जॅकेट यांनी संपूर्ण गाइवियो सेनेका भाषेत लिहून काढले. मग प्रवचनकार पुन्हा, या वेळी कॅटरॉगसला, जमले आणि ज्याचा जो भाग चुकत होता तो त्याने लिखितावरून पाठ करून घेतला. पाने जॅकेट यांच्याकडून हेन्री स्टीव्हन्स यांच्याकडे आणि त्यांच्याकडून एडवर्ड कॉर्नप्लांटर यांच्याकडे आली. १७९९ चा कॉर्नप्लांटर वेगळा. हे एडवर्ड शतकभरानंतरचे. पाने त्यांच्याकडून हरवली.

जॅकेट यांनी वापरलेली लेखनपद्धती कोणाची होती? ॲशर राइट या मिशनऱ्याची. राइट १८३१ मध्ये बफेलो क्रीक येथे आले, सेनेका भाषा चांगली शिकले, त्यांनी छापखाना चालवला, १८४१ पासून सेनेका भाषेत एक नियतकालिक काढले आणि १८४२ मध्ये शब्दलेखनाचे पुस्तक छापले. त्यांचा कान तीक्ष्ण होता, आणि तो असणे भागच होते: सेनेकात नाकातून येणारे स्वर आहेत, स्वरांचे ऱ्हस्व-दीर्घ अर्थ बदलतात, आणि घशात क्षणभर श्वास अडवून केलेला उच्चार जागोजागी येतो. उलट ओठ मिटून म्हणायचे प, ब, म हे ध्वनी त्या भाषेत नाहीतच. ‘मराठी’ हा शब्द तिथे पहिल्याच अक्षराला अडतो.

इथे आपल्याकडचा एक खरा धागा जोडला जातो. राइट ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी होते, त्याच बोर्डाचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले होते. त्यांनी मुंबईत छापखाना घातला, आणि १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ सुरू केला. बफेलो क्रीकचे सेनेका पत्र आणि नगरचा ज्ञानोदय ही एकाच संस्थेची, एका वर्षाच्या अंतराने जन्मलेली भावंडे म्हणायला हरकत नाही. आणि मुंबईत काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. मिशनचा छापखाना पाहून गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना उभा केला आणि १८३१ मध्ये छापले ते मराठी पंचांग. बायबलसाठी आलेले तंत्र पंचांगाच्या कामी आले. जॉन जॅकेट यांनी तेच केले: शुभवर्तमान लिहिण्यासाठी बेतलेल्या अक्षरांत त्यांनी गाइवियो लिहिले. मिशनऱ्यांनी आदिवासींना ‘साक्षर केले’ एवढेच सांगून थांबणारे लेखक ही पुढची ओळ विसरतात.

आता पाने हरवण्याकडे वळू. हा सगळा वृत्तान्त आर्थर पार्कर यांनी नोंदवला आहे. ते न्यूयॉर्क राज्य संग्रहालयाचे पुरातत्त्वज्ञ, ईली पार्कर यांच्याच घराण्यातले. वडिलांकडून सेनेका, पण आई गोरी. आणि सेनेका समाजात कूळ आईकडून चालते, त्यामुळे जन्माने ते समाजाबाहेरचे. पुढे त्यांना रीतसर दत्तक घेऊन नाव देण्यात आले. अशा उंबरठ्यावरच्या माणसाने लिहिले की पाठ झाल्यावर कॉर्नप्लांटर निष्काळजी झाले आणि पाने हरवली. हा निवाडा संग्रहालयात काम करणाऱ्याचा आहे. त्याच्या दृष्टीने कागद ही ठेव आहे. प्रवचनकारांच्या दृष्टीने तो मचाण होता: भिंत उभी राहीपर्यंत लागणारा, नंतर उतरवायचा. जॅकेट यांचे कागद नेमके ज्या कामासाठी लिहिले गेले ते काम त्यांनी चोख केले होते. फाटलेले पाठ एकत्र आले, चुकणाऱ्यांनी चुका सुधारल्या, आणि संहिता जिथे असायला हवी तिथे, म्हणजे मुखात, परत गेली.

तरीही स्मृतीचे गोडवे गाऊन इथे थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कोल्ड स्प्रिंगच्या त्या बैठकीनेच दाखवून दिले होते की प्रेषित जाऊन पुरते अर्धशतक होत नाही तोच पाठ फाटू लागले होते, आणि ज्याचा पाठ फाटला होता त्याला ते कळत नव्हते. कागद आला तेव्हाच ते उघड झाले. आणि हे सर्वांत आधी जाणवले ते स्वतः एडवर्ड कॉर्नप्लांटर यांना. शुद्ध पाठ नष्ट होईल या भीतीने त्यांनी १९०३ मध्ये गाइवियो पुन्हा लिहायला घेतले. कशात, तर सेनेका लॅक्रॉस क्लबच्या बैठकांचे इतिवृत्त लिहिण्याच्या एका जुन्या वहीत. आपल्याकडे देवाची आरती किराणा दुकानाच्या वहीत उतरवलेली सापडते, तसलाच हा प्रकार. त्या वहीवर मला पानेच्या पाने लिहिता येतील. राज्याने मागितले नव्हते, कोणी पैसे दिले नव्हते; एका माणसाला आपल्या चुकीची टोचणी लागली होती आणि हाताशी जी वही होती ती त्याने घेतली.

प्रास्ताविक भाग लिहून झाला तेव्हा पार्कर यांना ते कळले. त्यांनी संपूर्ण लिहून राज्याकडे जतनासाठी देण्याची गळ घातली. कॉर्नप्लांटर टीकेला भीत होते. ज्येष्ठांशी विचारविनिमय करून मग ते तयार झाले. भाषांतर मुख्यतः विल्यम ब्लूस्काय यांनी केले, आणि ते होते बॅप्टिस्ट चर्चचे सेनेका उपदेशक! एक ख्रिस्ती उपदेशक आणि एक लांबघराचा प्रवचनकार शेजारी बसून एकेक परिच्छेद इंग्रजीत नेत आहेत, काही ठिकाणी दोघेही गालात हसत आहेत, पण ब्लूस्काय यांच्याकडून शिकवणीचा अवमान होईल असे काही घडत नाही, असे पार्कर यांनी कौतुकाने लिहून ठेवले आहे. धर्मांविषयीच्या आजच्या आपल्या चर्चांत असे दोन जण शेजारी बसलेले दिसणे दुर्मीळ झाले आहे.

१९१३ मध्ये राज्य संग्रहालयाने ते पुस्तक प्रसिद्ध केले. गाइवियोचे १३० परिच्छेद त्यात आहेत, इंग्रजीत. सेनेकातून लिहिलेले, सेनेका माणसाने भाषांतरलेले, आणि छापले गेले ते इंग्रजी. आजही ‘इरोक्वॉयांचा धर्मग्रंथ’ म्हणून आपल्यापैकी कोणी पीडीएफ उतरवतो तेव्हा त्याच्या हाती येते ते हेच.

म्हणून माझे मत असे: या प्रकरणात ‘जतन’ झाले ते परक्या वाचकासाठी, आणि त्याला शिकवणीचे जतन म्हणणे ही शिथिल भाषा आहे. शंभराहून अधिक वर्षांत इंग्रजी कागद तिन्ही वेळा टिकले. सेनेका कागद एकदा हरवला आणि दुसऱ्यांदा छापखान्याच्या दारापर्यंत जाऊन बाहेर राहिला. सेनेका लोक कागदाविषयी बेफिकीर होते म्हणून हे घडले नाही. इंग्रजी कागदांमागे ग्रंथालये, छापखाने आणि सरकारी अनुदाने उभी होती, तर सेनेका कागदामागे एक जुनी वही.

आणि ग्रंथालये तरी किती सुरक्षित? २९ मार्च १९११ रोजी ऑल्बनी येथील राज्याच्या कॅपिटल इमारतीला आग लागली. राज्य ग्रंथालयातली लाखो पुस्तके आणि हस्तलिखिते जळाली, आणि मॉर्गन यांनी जमवलेल्या इरोक्वॉय वस्तूंपैकी बहुतेक नष्ट झाल्या. एकीकडे एका माणसाच्या घरातून पान-पान करून गेलेली संहिता, दुसरीकडे एका रात्रीत राख झालेले सरकारी दालन. ‘निष्काळजी’ हा शब्द मात्र एकाच्याच वाट्याला आला.

सेनेकात लिहिण्याने असे काय साधते, असे कोणी विचारील. अर्थ तर इंग्रजीतही कळतो! भाषाशास्त्रज्ञ वॉलेस चेफ यांनी १९५६ पासून सेनेकाचा अभ्यास केला. त्यांनी दाखवून दिले की तीत बोलणे, प्रवचन आणि मंत्रघोष या तीन स्पष्ट वेगळ्या पातळ्या आहेत. स्वराची चढउतार, ठरीव पदबंध, वाक्याची घट्ट वीण, सगळे बदलत जाते. इंग्रजीत तिन्ही पातळ्या एकाच सपाट गद्यात येतात. चेफ यांनीच १९६१ मध्ये टोनावांडाचे प्रमुख कॉर्बेट सनडाउन यांचे कृतज्ञतेचे भाषण सेनेका आणि इंग्रजी समोरासमोर ठेवून प्रसिद्ध केले. पृथ्वीपासून सुरुवात करून पाणी, झाडे, पशू, वारा, सूर्य, तारे असे वर चढत सृष्टिकर्त्यापर्यंत जाणारे ते भाषण. वाटेत हँडसम लेकचेही आभार मानले जातात. त्या पुस्तकात भाषा जिवंत आहे. ते हातात धरून शिकता येते.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. परंपरेतल्या अनेकांना पवित्र गोष्टी बाहेर उघड करणे मान्य नाही, आणि त्याला कारण आहे. वॅम्पमचे पट्टे वर्षानुवर्षे संग्रहालयांत होते. न्यूयॉर्क राज्य संग्रहालयाने ओनोंडागांना त्यांचे बारा पट्टे परत केले ते थेट १९८९ मध्ये. ज्यांनी हे भोगले त्यांनी ‘सगळे छापून टाका’ या आग्रहाकडे संशयाने पाहिले तर त्यांना प्रतिगामी ठरवणारे आपण कोण? सेनेकातले लिखाण या पेचातून एक वाट काढते. ते जपते आणि राखणही करते. ज्याला वाचायचे आहे त्याला आधी भाषा शिकावी लागेल. भाषा शिकायची तर त्या लोकांत जाऊन बसावे लागेल. आणि तिथे बसल्यावर काय वाचावे, काय फक्त ऐकावे, हेही शिकावे लागेल. इंग्रजी पुस्तकाला असे दार नाही. लिहिलेले छापावे की कपाटात ठेवावे, हा निर्णय अर्थातच लांबघराचा.

लिहिणे हे परंपरेशी द्रोह आहे, अशी भूमिका मात्र खुद्द शिकवणीतही आढळत नाही. गोऱ्यांच्या शाळेविषयी विचारणा झाली तेव्हा दूतांचे उत्तर मोजूनमापून होते: सहा राष्ट्रांतून प्रत्येकी दोन, असे बारा जण शिकवावेत, कारण गोरे लोक भोवती इतके आहेत की त्यांच्या रीती कळायला हव्यात. प्रत्यक्षात पुढे एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत निवासी शाळांनी पिढ्यान्‌पिढ्यांना इंग्रजीत ओढले, आणि सेनेका घरातून निघून जाऊ लागली. स्मृतीची परंपरा कागद नसल्याने तितकीशी तुटत नाही. ऐकणाऱ्याला भाषा कळेनाशी झाली की ती तुटते.

भूगोलही साथ देईना. १७९४ च्या कॅनंडेग्वा कराराने अमेरिकेने सेनेकांची भूमी त्यांची म्हणून मान्य केली होती. तरी १९६५ मध्ये पूर्ण झालेल्या किंझुआ धरणाने ॲलेगेनी राखीव क्षेत्राची सुमारे दहा हजार एकर जमीन बुडवली, आणि सहाशेच्या आसपास माणसे उठवली गेली. १७९९ मध्ये प्रेषित जिथे मूर्च्छित पडला ते कॉर्नप्लांटरचे गाव पाण्याखाली गेले. कोल्ड स्प्रिंगचे लांबघरही उठवून स्टीमबर्गला न्यावे लागले. जिथे पाठ ताडून पाहिले गेले त्या जागेचीही आता तीर्थयात्रा करता येत नाही.

त्याच स्टीमबर्गला १९९८ पासून मुलांना सेनेका भाषा आणि लांबघराच्या रीती शिकवणारी एक शाळा सुरू झाली. सेनेका मातृभाषा असलेली माणसे आज अगदी थोडी उरली आहेत, बहुतेक वृद्ध. तिथले विद्यार्थी लिहितात ते ॲशर राइट यांची नव्हे, चेफ यांच्या काळात घडलेली नवी लेखनपद्धती. पण कागदाचा उपयोग मात्र जॉन जॅकेट यांचाच आहे: आधी पाहून म्हणायचे, मग न पाहता.

१९१३ चे पुस्तक वाचू नका, असे मी म्हणणार नाही. वाचाच. पण वाचताना एका गोष्टीकडे लक्ष द्या. त्यातला प्रत्येक परिच्छेद संपतो तिथे एक सेनेका शब्द तसाच ठेवलेला दिसेल: एनियाइएहुक. ‘तेव्हा ते तसे होते,’ असा काहीसा त्याचा अर्थ. इंग्रजीच्या शंभराहून अधिक परिच्छेदांत तो पुनःपुन्हा येतो. तिथे पोहोचलात की थांबा, आणि ओठ न मिटता तो एकदा मोठ्याने म्हणून पाहा.